वादळाचा बावटा

कोलकात्याच्या सियालदा स्थानकावरून निघणारी एक उपनगरी गाडी सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांचा प्रवास करून कॅनिंग या गावी थांबते. सुंदरबनाकडे जाणारे प्रवासी येथे उतरतात आणि पुढची वाट धरतात. गावाजवळून मातला नदी वाहते. तिच्या पात्रात समुद्रगामी जहाज दिसत नाही. एके काळी मात्र येथे कलकत्त्याच्या तोडीचे, किंबहुना त्याला मागे सारणारे, बंदर उभारण्याचा घाट घातला गेला होता. हुगळी नदी गाळाने भरत चालली आहे, उद्या तिच्यातून मोठी जहाजे ये-जा करू शकणार नाहीत, ही धास्ती त्या काळच्या व्यापाऱ्यांना आणि सरकारला वाटत होती, आणि ती अगदीच निराधार होती असेही म्हणता येणार नाही.

या बेताला ज्याने विरोध केला तो मनुष्य सरकारदरबारी फारसा वजनदार नव्हता. हेन्री पिडिंग्टन हा मूळचा व्यापारी जहाजांवरील दर्यावर्दी. पुढे तो कलकत्त्यास स्थायिक झाला आणि सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा प्रमुख झाला. वादळात सापडून परत आलेल्या जहाजांच्या रोजनिश्या मिळवाव्यात, कोणत्या घटकेस कोणते जहाज कोठे होते आणि तेथे वारा कोणत्या दिशेने वाहत होता हे नकाशावर मांडावे, असा उद्योग त्याने वर्षानुवर्षे चालविला. एकाच घटकेस एका जहाजावर पूर्वेचा वारा, दुसऱ्यावर उत्तरेचा, तिसऱ्यावर पश्चिमेचा. आणि हे सर्व बिंदू जोडले की मध्यभागी एक शांत जागा ठेवून फिरणारे वर्तुळ दिसू लागे. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने या वादळांवर निबंधामागून निबंध लिहिले. १८४८ साली दर्यावर्दींसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने या वादळांना एक नवे नाव सुचविले. वेटोळे घालून बसलेल्या सर्पाचा बोध करणाऱ्या ग्रीक शब्दावरून घडविलेले ‘सायक्लोन’ हे ते नाव होय. आज जगभर चालणारा हा शब्द हुगळीच्या काठी जन्मला.

१८५३ साली पिडिंग्टनने गव्हर्नर-जनरल डलहौसी यांना उद्देशून एक प्रदीर्घ पत्र प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: वाऱ्याची भीती धरावयाची ती धराच, परंतु त्याहून अधिक भय पाण्याचे आहे. चक्रीवादळ किनाऱ्यास लागते तेव्हा समुद्राचे पाणी भिंतीसारखे चढून येते आणि मातलेच्या काठची ही सखल भूमी अशा एखाद्या दिवशी सबंध पाण्याखाली जाईल. तो दिवस कोणता हे त्याला सांगता येत नव्हते, आणि नेमकी हीच त्याच्या पत्राची दुर्बल बाजू ठरली. गाळ दरवर्षी मोजता येत होता. वादळाची तारीख कोणापाशी नव्हती. बंदर झाले, रेल्वे झाली, गावाला व्हाइसरॉयचे नाव मिळाले. १८५८ साली पिडिंग्टन वारला. १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ आले, पाणी चढले आणि बंदराची वाताहत झाली. पुढच्या पाच वर्षांत पोर्ट कॅनिंगचा नाद सरकारने सोडून दिला.

ही कथा ‘सरकारने शास्त्रज्ञाचे ऐकले नाही’ अशा सोप्या शब्दांत सांगण्याचा मोह होतो. तो थोडा आवरावयास हवा. शासनाला जे निर्णय घ्यावे लागतात ते ‘करावे की न करावे’ अशा स्वरूपाचे असतात. विज्ञान जे सांगते ते बहुधा ‘संभव इतका आहे’ अशा स्वरूपाचे असते. या दोन भाषांतील अंतर कोणी तरी ओलांडावे लागते. पिडिंग्टनपाशी ज्ञान होते, परंतु ते ज्ञान ज्याच्या हाती पडताच त्याला अमुक एक कृती करणे भाग पडेल, असा अधिकारी, असे खाते, असा नियम तेव्हा अस्तित्वात नव्हता. हे सारे घडविण्यासाठी मोठा संहार व्हावा लागला.

तो संहार ५ ऑक्टोबर १८६४ रोजी झाला. त्या दिवशी वादळी लाट हुगळीच्या मुखातून आत शिरली. कलकत्त्याच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजांपैकी बहुतेकांचे नांगर तुटले आणि ती एकमेकांवर आदळली किंवा काठावर चढली. नदीच्या दोन्ही तीरांवरील गावांत बुडून मेलेल्यांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास धरली जाते. दुसऱ्याच वर्षी, १८६५ मध्ये, कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या सूचनेची व्यवस्था सुरू झाली. भारतातील अशा प्रकारची ती पहिली व्यवस्था होय. १८७५ साली भारतीय हवामानखाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. १८८० साली ही व्यवस्था पश्चिम किनाऱ्यावर मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार आदी बंदरांना लागू करण्यात आली.

कोकणच्या माणसाला ही व्यवस्था ‘बावटा’ या एका शब्दाने ठाऊक आहे. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे म्हटले की होडी वर ओढावयाची, हे तेथील लहान मूलही जाणते. वस्तुतः दिवसा डोलकाठीवर चढविली जाणारी ही खूण कापडी निशाणाची नसते; शंकू आणि पिंप यांच्या आकृती वरखाली टांगून ती दिली जाते आणि रात्री तिच्या जागी तांबडे व पांढरे दिवे लागतात. तथापि बावटा हा शब्द रूढ झाला तो झालाच. या खुणा अकरा आहेत. पहिल्या दोन दूर समुद्रातील वादळाची वर्दी देतात, पुढच्या दोन बंदरावरच वादळी हवा येण्याची शक्यता असल्याचे सांगतात, त्यानंतर धोका आणि महाधोका यांच्या पायऱ्या लागतात. अकरावी खूण मोठी मार्मिक आहे. वेधशाळेशी असलेला संपर्कच तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या मते संकट संभवते, असा तिचा अर्थ. तारा तुटतील तेव्हा काय करावयाचे, याचाही विचार या नियमावलीने करून ठेवला होता.

बावट्याचे खरे महत्त्व येथे आहे. वायुभाराचे आकडे, वाऱ्याच्या दिशा, जहाजांकडून आलेले निरोप या सगळ्यांचे गणित वेधशाळेत होते. नाखव्याला ते समजण्याची गरज उरत नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो एक क्रमांक आणि त्या क्रमांकाबरोबर येणारे कर्तव्य. संभवाच्या भाषेचे कृतीच्या भाषेत रूपांतर करणारी ही पहिली मोठी सोय म्हटली पाहिजे.

परंतु बावटा बोलत होता तो जहाजांशी. बंदरापासून दूर, खाड्यांच्या काठी आणि त्रिभुज प्रदेशातील भातखाचरांत राहणाऱ्या शेतकऱ्याला डोलकाठी दिसत नव्हती, आणि बंगालच्या उपसागराचे बळी प्रायः तोच होता. १८७६ च्या बाकरगंजच्या वादळात दोन लाखांच्या आसपास माणसे मेली असे मानले जाते. १२ नोव्हेंबर १९७० रोजी त्याच परिसरात, तत्कालीन पूर्व पाकिस्तानात, भोला बेटाच्या नावाने ओळखले जाणारे वादळ आले. त्यात तीन ते पाच लाख लोक मृत्यू पावले. इतिहासात नोंदलेल्या चक्रीवादळांत याहून भीषण दुसरे नाही. तेथील नंतरच्या पाहणीत आढळून आले की, वादळ येत असल्याचे बहुतेकांच्या कानावर आले होते. सुरक्षित आश्रयाला गेलेले मात्र अगदी थोडे. जावयाचे कोठे, हाच प्रश्न होता. सपाट बेटावर उंच आणि पक्की जागा नसेल तर इशाऱ्याचे काय करावयाचे?

पाणी इतके का चढते हे येथे थोडे समजून घेणे इष्ट होईल. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे समुद्राची पातळी वर उचलली जाते. परंतु हे उचलणे दाबाच्या एका मिलिबारला जेमतेम एक सेंटिमीटर इतकेच असते. १९९९ च्या ओडिशातील महावादळाच्या केंद्रातील दाब ९१२ मिलिबारपर्यंत उतरला असावा असा अंदाज आहे. सामान्य दाबाहून तो शंभराच्या आसपास कमी. म्हणजे या कारणाने पाणी चढले असेल ते फार तर एक मीटर. प्रत्यक्षात उधाण पाच ते सहा मीटरांचे आले. उरलेले काम वाऱ्याचे. तो पाणी किनाऱ्याकडे लोटीत आणतो. समुद्र खोल असेल तर लोटलेले पाणी खालून परत फिरते. उथळ असेल तर त्याला परतण्यास वाव राहत नाही आणि ते चढत जाते. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक उथळ आहे, शिवाय नरसाळ्यासारखे निमुळते. त्यातच भरतीची वेळ गाठली गेली तर पाहावयास नको. या गणिताची सूत्रे बसवून कोणत्या किनाऱ्यावर किती पाणी चढेल हे आधी काढता येते. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी या किनाऱ्यांसाठी तशी प्रारूपे तयार केली आणि हवामानखात्याने ती उपयोगात आणली.

आंध्रमधील कृष्णेच्या मुखाशी असलेल्या दिविसीमा भागावर १९ नोव्हेंबर १९७७ रोजी असेच उधाण आले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. विशाखापट्टणमला चक्रीवादळांचा वेध घेणारे रडार त्यापूर्वी सात वर्षे, १९७० मध्येच, बसले होते. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधण्यास आणि गावे रिकामी करण्याची शिस्त घालून देण्यास आरंभ केला. मे १९९० मध्ये तितक्याच तोलाचे वादळ आंध्रवर आले तेव्हा मृतांचा आकडा एक हजाराच्या आत राहिला. हजार हा आकडा लहान नव्हे, पण दहा हजारांच्या शेजारी ठेवून पाहिला की शासनाच्या खटपटीचे मोल ध्यानात येते.

आता जिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाची अडचण पाहावी. वेधशाळेकडून त्याला कळते की वादळ उद्या संध्याकाळी गोपाळपूर आणि पुरी यांच्या दरम्यान कोठे तरी किनाऱ्यास लागेल. या दोन गावांतील अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. चोवीस तास आधी वर्तविलेल्या जागेत आणि प्रत्यक्ष जागेत सरासरीने पडणारा फरक या शतकाच्या पहिल्या दशकात शंभर किलोमीटरांच्या बराच वर असे. २०२० च्या सुमारास तो ऐंशीच्या आसपास आला. म्हणजे जेथे वादळ येणारच नाही अशीही पुष्कळ गावे त्याला रिकामी करावी लागणार. माणसे घर सोडावयास नाखूश असतात. गाय दाव्याला बांधलेली, कोठारात धान्य, दाराला कुलूप नाही, आणि मागे चोरी झाली तर कोण भरून देणार? एकदा हलविले आणि वादळ दुसरीकडे गेले, तर पुढच्या वेळी तीच माणसे हलण्यास तयार होतील काय? उलट थांबावे आणि वादळ नेमके तेथेच यावे, तर त्या चुकीला दुरुस्ती नाही. दोन चुकांची किंमत सारखी नसते, हे येथे शासनाला ठरवावे लागते. आणि हे ठरविणे विज्ञानाचे काम नव्हे. विज्ञानाने करावयाचे ते इतकेच की, आपल्याला किती कळले आहे याच्याइतकेच किती कळलेले नाही तेही प्रामाणिकपणे सांगावे. म्हणूनच हवामानखाते २००९ पासून वादळाचा मार्ग एका रेघेने न दाखविता पुढे पुढे रुंदावत जाणाऱ्या पट्ट्याने दाखवू लागले. सूचनाही टप्प्याटप्प्याने दिली जाते: बहात्तर तास आधी सावध राहण्याची, अठ्ठेचाळीस तास आधी तयारीची, चोवीस तास आधी निश्चित इशाऱ्याची. प्रत्येक टप्प्याला कोणत्या खात्याने काय करावयाचे हे लिहून ठेवलेले असते.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात हे सारे इतके जुळलेले नव्हते. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरांवर गेला. बाराच दिवस आधी गंजाम भागात एक वादळ येऊन गेले होते आणि सरकारी यंत्रणा त्यातून सावरलीही नव्हती. किनाऱ्यावर रेड क्रॉसने बांधलेले निवारे होते ते वीस-पंचवीस. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्र आत शिरला. राज्यातील मृतांचा अधिकृत आकडा दहा हजारांच्या किंचित खाली आहे.

या संहाराचा पुढे जो अभ्यास झाला त्यातील एक येथे सांगण्याजोगा आहे. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी केंद्रपाडा जिल्ह्यातील शेकडो गावांची माहिती तपासून २००९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचे रान रुंद होते तेथे मृत्यू कमी झाले, असे त्यांना आढळले. खारफुटीच्या कैवाऱ्यांनी हा निष्कर्ष उचलून धरला, ते योग्यच झाले. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष तितकासा बोलला जात नाही. खारफुटीने जितके जीव वाचविले त्याहून अधिक जीव शासनाने आधी दिलेल्या इशाऱ्याने वाचविले होते. म्हणजे त्या भयंकर वर्षीही सूचना व्यर्थ गेली नव्हती. ती जेथे पोचली आणि जेथे पाऊल उचलता आले तेथे तिने आपले काम केले होते.

ओडिशा सरकारने वर्ष संपण्यापूर्वीच आपत्तीनिवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. देशासाठी तसा कायदा २००५ साली झाला. निवाऱ्यांची बांधणी सुरू झाली. पाणी खालून वाहून जावे म्हणून खांबांवर उचललेली इमारत, अपंगांना आणि वृद्धांना चढता यावे म्हणून उतरण, आणि वर्षातील इतर दिवस तेथे शाळा. ही शाळेची युक्ती दिसते त्याहून शहाणपणाची आहे. वापरात नसलेल्या इमारतीची किल्ली ऐन वेळी सापडत नाही. शाळेची वाट मात्र गावातील प्रत्येक मुलाला रोजची असते. २०१९ पर्यंत असे निवारे आठशेंहून अधिक झाले.

त्यांची पहिली मोठी कसोटी १२ ऑक्टोबर २०१३ रोजी लागली. ‘फायलिन’ वादळ गोपाळपूरजवळ किनाऱ्यास लागणार होते. काही परदेशी संस्था ते १९९९ च्या तोडीचे किंवा त्याहूनही भयंकर ठरेल असे सांगत होत्या. भारतीय हवामानखाते आपल्या किंचित सौम्य अंदाजावर ठाम राहिले, आणि प्रत्यक्षात तोच खरा ठरला. परंतु अंदाज सौम्य आहे म्हणून हलवावयाची माणसे कमी करावीत असा हिशेब कोणी केला नाही. दहा लाखांच्या आसपास लोक हलविण्यात आले. ओडिशातील मृत्यू पन्नासच्या आत राहिले. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फनी’ आले तेव्हा बारा लाख लोक हलविले गेले आणि चौसष्ट मृत्यू झाले. त्यांतील बरेचसे भिंती आणि झाडे कोसळून झाले. घराचे छप्पर, विजेचे खांब, नारळाच्या बागा यांचे नुकसान मात्र अफाट झाले. जीव वाचविण्याची विद्या ओडिशाला साधली. वाचलेल्या माणसाचा संसार वाचविण्याची अजून साधावयाची आहे.

आणि जमिनीवर जे साधले ते समुद्रावर साधले नव्हते, हे २०१७ च्या ‘ओखी’ वादळाने दाखवून दिले. कन्याकुमारीच्या दक्षिणेस ते झपाट्याने वाढले आणि ३० नोव्हेंबर रोजी चक्रीवादळ म्हणून जाहीर झाले, तेव्हा केरळ आणि तामिळनाडू यांच्या किनाऱ्यावरील शेकडो नौका खोल पाण्यात होत्या. आठ-आठ, दहा-दहा दिवसांचा बर्फ आणि शिधा घेऊन निघालेल्या या नौकांना किनाऱ्यावरचा बावटा दिसणे शक्य नव्हते. भ्रमणध्वनीची हाकही काही मैलांपलीकडे पोचत नाही. सूचना वेळेवर मिळाली की नाही यावर राज्य आणि केंद्र यांच्यात पुढे पुष्कळ वाद झाला. शेकडो मच्छीमार परत आले नाहीत. वाऱ्याबरोबर वाहत आलेल्या साठ-सत्तर नौका सिंधुदुर्गात देवगडच्या बंदरात लागल्या आणि सुमारे साडेनऊशे माणसांना तेथे आसरा मिळाला.

त्यानंतर खोल समुद्रातील नौकेला उपग्रहावरून निरोप देण्याच्या साधनांवर भर आला. २०१९ साली सिद्ध झालेले एक यंत्र वादळाचा इशारा नौकेपर्यंत पोचवू शके, परंतु ते केवळ ऐकणारे यंत्र होते. संकटात सापडलेल्या तांडेलाला त्यातून उलट हाक देता येत नव्हती. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे ज्या योजनेचा आरंभ झाला ती तेरा किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने दुहेरी संदेशयंत्रे बसविण्याची आहे. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने घडविलेल्या या यंत्रातून वेधशाळेचा निरोप नौकेवर येतो, आणि नौकेवरची हाक किनाऱ्याला जाते.